वसतिगृहातले भूत



गेली दोन-तीन वर्षे आठवी-नववीच्या मुलामुलींच्या बोलण्यात दोन मालिकांची नावे सारखी येतात. एक परदेशी, ‘वेन्सडे’. दुसरी आपल्या देशातली, ‘अधूरा’. दोन्ही मालिका दिवाणखान्यातल्या टीव्हीपेक्षा पांघरुणाखालच्या मोबाइलवर जास्त पाहिल्या जातात. दोन्हींत निवासी शाळा आहे, किशोरवयातली मुले आहेत आणि माणसाच्या पलीकडचे काहीतरी आहे. शहागंज, रोशन गेट, किराडपुरा भागातले पालक आम्हाला विचारतात, ‘ही भुताखेतांची मालिका मुलांना पाहू द्यावी का?’ एका शब्दात हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी या मालिकांत काय आहे ते पाहू.

‘वेन्सडे’ 23 नोव्हेंबर 2022 रोजी नेटफ्लिक्सवर आली. पहिल्या पर्वाचे आठ भाग होते. दुसरे पर्व 2025 च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन हप्त्यांत आले. मूळ पात्रे जुनी आहेत. चार्ल्स अ‍ॅडम्स या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 1938 पासून हे विचित्र कुटुंब रेखाटायला सुरुवात केली होती. मालिकेतली वेन्सडे ही त्या घरातली मुलगी. धाकट्या भावाला छळणाऱ्या मुलांवर ती पोहण्याच्या तलावात पिरान्हा मासे सोडते आणि शाळेतून काढली जाते. मग आईवडील तिला ‘नेव्हरमोअर’ नावाच्या निवासी शाळेत घालतात. तिथे लांडग्याचे रूप घेणारी मुले आहेत, डोक्यावर केसांऐवजी साप असलेला मुलगा आहे, आणि जवळच्या जंगलात एक राक्षस माणसे मारतो आहे. वेन्सडेच्या नाचाची रील इतकी फिरली की मालिका न पाहिलेल्या मुलींनाही तो नाच येतो.

‘अधूरा’ ही हिंदी मालिका 7 जुलै 2023 रोजी अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. तिचे सात भाग आहेत. गोष्ट उटीच्या डोंगरातल्या ‘निलगिरी व्हॅली स्कूल’ या काल्पनिक शाळेत घडते. 2007 साली शाळा सोडलेले विद्यार्थी 2022 साली स्नेहसंमेलनासाठी परत येतात. त्याच वेळी वेदांत नावाचा दहा वर्षांचा मुलगा विचित्र वागू लागतो. त्याला काहीतरी दिसते, काहीतरी ऐकू येते. शाळेच्या समुपदेशक सुप्रिया (ही भूमिका रसिका दुगल यांनी केली आहे) त्याच्याजवळ बसतात, त्याचे ऐकून घेतात. हळूहळू कळते की या भीतीची मुळे पंधरा वर्षांपूर्वी याच शाळेत एका मुलाच्या झालेल्या छळात आहेत.

भुताच्या गोष्टीला निवासी शाळाच का लागते? कारण सोपे आहे. तिथे आईवडील नसतात. फाटक रात्री बंद होते. इमारत जुनी असते, गलियारे लांब असतात, आणि एकाच खोलीत अनेक मुले झोपतात. घरात मूल रात्री घाबरले तर अम्मीच्या कुशीत जाते आणि गोष्ट तिथेच संपते. वसतिगृहात कूस नसते, म्हणून गोष्ट पुढे चालते. लेखकाला हे सोयीचे असते. पण ज्या घरातले मूल खरोखर वसतिगृहात राहते, त्या घराने यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलाला भीती वाटली तर तिथे त्याने कोणाकडे जायचे, हा प्रश्न मालिकेतल्या इतकाच खऱ्या वसतिगृहातही असतो.

या मालिकांतले भूत क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर खाली वेगळेच दुःख दिसते. ‘वेन्सडे’मधली तिची खोलीतली सोबतीण एनिड घ्या. तिच्या घरातले सगळे लांडग्याचे रूप घेऊ शकतात, हिला अजून ते जमत नाही. भेटीच्या दिवशी आई येते ती तेच टोचायला. इतरांना जमते, तुलाच का नाही? सुधारण्यासाठी सुट्टीतल्या खास शिबिरात पाठवण्याची गोष्टही ती काढते. लांडग्याच्या जागी टक्केवारी ठेवा. हे बोलणे आपल्या किती घरांत होते, ते आपल्याला माहीत आहे.

दुसरे पात्र मिस थॉर्नहिल. वनस्पतिशास्त्र शिकवतात, मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करतात, गोड बोलतात, नव्या मुलीला फूल देतात. शेवटी कळते की सगळ्या कटामागे याच बाई आहेत. गावातला टायलर नावाचा आई नसलेला, बापाशी न पटणारा मुलगा त्यांनी हेरला, आपलेसे केले आणि त्याच्याकडून खून करवले. राक्षसाचे रूप तो मुलगा घेतो, पण त्याला राक्षस बनवणारी व्यक्ती हसतमुख आहे. आम्ही मुद्दाम शेवट सांगतो आहोत, कारण हा भाग मुलांपेक्षा पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. एकाकी मुलाला वाईट माणूस धमकी देऊन जवळ करत नाही. त्याला घरात न मिळालेले कौतुक देऊन जवळ करतो.

मुलांना दूर शिकायला ठेवणे आपल्या घरांना नवे नाही. ‘तारे जमीन पर’ (2007) मधल्या ईशानला ज्या पाचगणीच्या शाळेत ठेवले जाते, तशा महागड्या शाळा आपल्यापैकी थोड्यांनाच परवडतात. पण कन्नडच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला निवड व्हावी म्हणून जिल्ह्यातली हजारो मुले परीक्षा देतात. सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणारी मुले दहावीनंतर आपल्याच शहरातल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत दाखल होण्यासाठी धडपडतात. हिफ्जसाठी आणि आलिमच्या तालीमसाठी आठ-दहा वर्षांची मुले मदरशांच्या दारुल इकामात राहतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या जामियात तर हजारो मुले एकत्र राहून शिकतात. अनेकांचे आयुष्य या वसतिगृहांनी घडवले आहे. वसतिगृह वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

पण एका मुलाची हकीकत सांगावीशी वाटते. आमच्याच वर्गातून पाचवी पास होऊन तो जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी शाळेत गेला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो गप्प गप्प. जेवण कमी झालेले, रात्री दिवा बंद करू देईना. दादीने जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाला, “दादी, वां कुछ तो बी है. रात कू कोई चद्दर खेंचता.” दादीने मान हलवली. इमारत जुनी आहे, मागे चिंचेचे झाड आहे, असर असणारच. मुलाला एका आमिलकडे नेले. तावीज बांधला, पाणी दम करून आणले, तीन जुमेरात फेऱ्या झाल्या. सुट्टी संपली आणि मूल परत वसतिगृहात गेले. पुढच्या सुट्टीत आले ते आणखी वाळलेले.

या वेळी खाला मुक्कामी होती. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तिने सहज विचारावे तसे विचारले, “कितने बजे आता रे वो?”

“वॉर्डन सर सोए बाद.”

“अकेला आता?”

“नहीं. दो रहते.”

वॉर्डन झोपल्यावर येणारे, दोघे मिळून येणारे, आणि थोड्या वेळाने कळले की दहावीच्या वर्गात शिकणारे हे जिन! रात्री चादर ओढून त्याला उठवायचे, कपडे धुवायला लावायचे, नाही म्हटले की स्वच्छतागृहात कोंडायचे. मुलाने भुताचे नाव का घेतले? मोठ्या मुलांचे नाव घेतले असते तर तो चुगलखोर ठरला असता आणि परत गेल्यावर मार दुप्पट झाला असता. भुताचे नाव घेतल्याने कोणी मारत नाही. त्या मुलाला जेवढे सांगणे शक्य होते तेवढे त्याने सांगितले होते. चादर कोणीतरी ओढते, हे त्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. वडील शाळेत गेले तेव्हा ‘मुलांची मस्ती असते’ असे उत्तर मिळाले. शेवटी त्यांनी मुलाला घरी आणले. आज तो दहावीत आहे, बरा आहे. पण अंधारात एकटा झोपत नाही.

इथे कोणी म्हणेल, जिन्नात आहेत हे तर आपण मानतोच. बरोबर आहे. गैबवर आपला ईमान आहे. पण जिन्नात मानणे वेगळे आणि मुलाच्या प्रत्येक भीतीचा, प्रत्येक आजाराचा ठपका जिन्नातवर ठेवणे वेगळे. आजारावर इलाज करण्याची शिकवण आपल्याला आहेच. झोपताना सूरह फलक आणि सूरह नास पढून मुलावर हात फिरवा, त्याने त्याला धीर येतो. पण हात फिरवून झाला की जवळ बसून विचाराही. दुआने विचारपूस थांबत नाही. आणि ‘भूत उतरवतो’ म्हणून मुलाला मारणारा, उपाशी ठेवणारा, धूर देणारा कोणी असेल तर तो महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणा प्रतिबंध कायद्याखाली गुन्हेगार ठरू शकतो, मग त्याने कोणत्याही धर्माचे नाव घेतलेले असो.

छळाबाबत कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावे. रॅगिंग हा शब्द आपण कॉलेजसाठी वापरतो. पण 1999 च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्यात वसतिगृह, बोर्डिंग आणि अनाथालयही येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास छळणाऱ्या विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने दुर्लक्ष केले तर तोही जबाबदार धरला जातो. छळणारी मुले अठरा वर्षांखालची असतील तर त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. म्हणून ‘मस्ती’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मुलाला स्वतःला मदत हवी असेल तर 1098 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. तो त्याला पाठ करून द्या.

आता मालिका दाखवाव्यात की नाही? 2021 च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कार्यक्रमावर वय लिहावे लागते. ‘यू’ सर्वांसाठी. मग ‘यू/ए 7+’, ‘यू/ए 13+’, ‘यू/ए 16+’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’. ‘यू/ए 13+’ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांनी कुलूप लावण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. भाग सुरू होताना हे चिन्ह कोपऱ्यात दिसते, ते पाहा आणि कुलूप वापरा. ‘अधूरा’त हिंसा आहे, मृत्यू आहेत. ती लहान मुलांनी पाहण्याची मालिका नाही. कथेत दहा वर्षांचा मुलगा आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलाला दाखवू नका. मोठ्या मुलांनी ‘वेन्सडे’ पाहिलीच असेल तर रागावून फोन हिसकावू नका. एक भाग त्यांच्यासोबत बसून पाहा. जादू, भविष्य दिसणे या गोष्टींबद्दल आपले मत शांतपणे सांगा. आणि नंतर विचारा, ‘तुमच्या वर्गात एनिड कोण आहे? टायलरसारखे एकटे कोण बसते?’ उपदेशाच्या तासभर बोलण्यापेक्षा या दोन प्रश्नांतून जास्त कळते.

लवकरच प्रवेशाचे दिवस येतील. निवासी शाळा किंवा मदरसा पाहायला जाल तेव्हा निकाल आणि इमारत पाहाच, पण आणखीही विचारा. रात्री मुलांच्या मजल्यावर कोणी मोठा माणूस झोपतो का? लहान आणि मोठ्या मुलांच्या खोल्या वेगळ्या आहेत का? स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का? मुलाला घरी फोन करता येतो का, आणि तो बोलताना शेजारी कोणी उभे असते का? तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना माहीत आहे का? उत्तर कोणत्याही कर्मचाऱ्याकडून घेण्याआधी तिथल्या एखाद्या सहावीच्या मुलाकडून घ्या.

आणि मूल पहिल्या सुट्टीत घरी येईल तेव्हा किती टक्के पडले, किती पारे झाले, हे दुसऱ्या दिवशी विचारले तरी चालेल. पहिल्या दिवशी त्याच्या आवडीचे करून वाढा आणि एवढेच विचारा, ‘रात्री झोप लागते ना?’ तो जे सांगेल, मग ती भुताची गोष्ट असली तरी, मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐका.