बंदुकीच्या तोंडाला काय लावावे?

मराठीच्या मास्तराने बंदुकीवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आम्हां खानदेशकरांना बंदूक परकी नाही. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखाना आहे, आणि धुळ्याला राज्य राखीव पोलिसांचा तळ.

बंदुकीच्या नोकरीतला माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. "सर, उजव्या बाजूने बोला. डावा कान गेला," तो म्हणाला. सरावाला सारे ओळीने पालथे पडले होते. डावीकडच्या सोबत्याच्या रायफलीला ब्रेक लावलेला, आणि नेमका याच्या कानातला बोळा निसटलेला!

ब्रेक म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे सायकल आली. मग त्यानेच मला शिकवले. काही रायफलींच्या नळीच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यांवर मुख्यतः तीन तऱ्हेची साधने बसतात. पहिले ज्वाला झाकणारे. ते गोळीमागून येणारे पेटते वायू विखरून टाकते, त्यामुळे अंधारात नेमबाजाचेच डोळे दिपत नाहीत. दुसरा ब्रेक. तो वायू बाजूला नि मागे वळवतो. खांद्याचा धक्का कमी होतो, पण दणका शेजाऱ्याच्या कानावर आदळतो. तिसरा सायलेन्सर. हे नळकांडे वायूंना आतल्या कप्प्यांतून फिरवून, निववून हळूहळू सोडते.

सायलेन्सर मुका मात्र नव्हे. रायफलीचा आवाज साधारण १६० डेसिबल. त्यातले २० ते ३५ तो गिळतो. गोळी ध्वनीहून वेगाने धावत असेल, तर तिचे हवेतले कडाडणे उरतेच. शिवाय वजन वाढते, नळी लांबते, नेम किंचित सरकतो. आटे नीट जुळले नाहीत आणि नळकांडे वाकडे बसले, तर गोळी त्यालाच धडकायची.

म्हणजे 'उत्तम कोणते?' हा प्रश्नच नव्हे. कोणाचे काय वाचवायचे, हे आधी ठरवायचे: आपले डोळे, आपला खांदा, की सर्वांचे कान? आपल्या देशात ही निवड सरकारी दलांची. आवाज वा ज्वाला कमी करणारी साधने शस्त्र नियमांनी प्रतिबंधित वर्गात घातली आहेत. साध्या परवान्यावर ती मिळत नाहीत.

तरी हा प्रश्न तुमच्या-आमच्या दारी येतोच. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन गृहस्थाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले, आणि पुढे तेच तत्त्व इंजिनांनाही लावले. आपल्या फटफटीचा सायलेन्सर त्याच कुळातला. तो काढून कर्कश नळी बसवणारी पोरे आमच्या रस्त्यावरून मध्यरात्री जातात, तेव्हा मौज त्यांची आणि कान शेजाऱ्याचे. हिशेब ब्रेकचाच!

मंडळी, दिवाळी आहे, फटाके उडायचेच. पण सुतळी बाँबची वात पेटवण्यापूर्वी शेजारी पाळणा आहे का, कोणी म्हातारे माणूस निजले आहे का, एवढे पाहावे. फटाक्याला आटे नसतात. तिथे आवर घालायचा तो आपल्याच हाताने.