दारू काळीच हवी!

मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली, १८७९च्या झुलू युद्धात गाजलेली रायफल. तिची .५७७/४५० काडतुसं आता सहजी मिळत नाहीत. म्हणून ब्रिटन-अमेरिकेतली हौशी मंडळी २४ बोअरच्या शॉटगनची पितळी काडतुसं साच्यात दाबून तिच्या मापाची करतात, शिशाच्या गोळ्या घरीच ओततात.

एवढा खटाटोप कशाला, भिंतीवर टांगा की, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. बंदूक उडते तेव्हाच तिचा धूर, तिचा दणका, त्या शिपायाचे हाल कळतात.

पण हट्ट हवा तो काळ्या दारूचा! सोय म्हणून बिनधुराची दारू भरली आणि अंदाज चुकला, तर दाब भलताच वाढतो. मग जुनं पोलादही जाईल नि डोळेही. तेवढा धीर नसेल, तर भिंतच बरी!