गोष्टीतल्या आदिवासीला नाव आहे का?



स्नेहसंमेलन आलं की 'आदिवासी नृत्य' ठरलेलंच. कमरेला पाला, तोंडाला काळा रंग, हातात भाला... झालं! मुलांच्या डोक्यात हे चित्र सिनेमातून येतं, तसंच गोष्टींच्या पुस्तकांतूनही. अशा गोष्टींतल्या आदिवासीला नाव नसतं, गाव नसतं. तो फार पूर्वी, कुठल्याशा जंगलात राहतो.

खरं तर तो आपला शेजारी आहे. उदगीरलगतच्या नांदेड जिल्ह्यात किनवट तालुका आहे. तिथं गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. गोंडी आणि कोलामी या तेलुगूच्या नात्यातल्या भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरात नऊ जण आदिवासी आहेत. उद्या त्यांच्यातलं एखादं मूल तुमच्या वर्गात आलं आणि पुस्तकात त्याला स्वतःचं असं चित्र दिसलं, तर ते काय शिकेल? आपली जमात आणि भाषा लपवायला!

अमेरिकेतही मुलांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं पिसांचा टोप घातलेला 'रेड इंडियन'च दिसायचा. आता त्या समाजातली माणसं स्वतः लिहितात, चित्रं काढतात. २०२१ चं कॅल्डेकॉट पदक ट्लिंगिट समाजातल्या मिकेला गोएड यांना मिळालं. चित्रपुस्तकासाठीचं हे पदक मिळवणाऱ्या तिथल्या आदिवासींमधल्या त्या पहिल्याच.

आपल्याकडेही असं काम झालंय. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन' (२०११) मध्ये बाबासाहेबांचं आयुष्य चितारलं. त्यात मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, टोचणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथं आदिवासी माणूस चित्राचा विषय नाही, तो सांगणारा आहे. फरक आहे तो इथंच.

म्हणून वाचनालयासाठी पुस्तक घेताना तीन प्रश्न विचारा. यातल्या आदिवासीला नाव-गाव आहे का? तो आजच्या काळात जगतो का? आणि ही गोष्ट कोण सांगतंय?

तिन्ही उत्तरं 'नाही' किंवा 'माहीत नाही' अशी आली, तर ते पुस्तक लगेच फेकू नका. वर्गात उघडा आणि हेच प्रश्न मुलांनाच विचारा. मुलं बरोबर ओळखतात!