पहिली कुस्ती आणि पराभवाची सोय

मराठी बोलण्यात कुस्ती किती खोल मुरली आहे, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. आपण वादात शड्डू ठोकतो, निवडणुकीत डावपेच लढवतो, दोन समीक्षकांची खडाखडी नियतकालिकांच्या पानांवर चवीने वाचतो आणि दोघांचे आतून संगनमत दिसले की तिला नूरा कुस्ती म्हणून मोकळे होतो. मात्र हे सारे शब्द एकदा शेजारी मांडून पाहावेत. ते वस्तादाचे आहेत, जेत्याचे आहेत, नाहीतर आखाड्याबाहेर बसलेल्या प्रेक्षकाचे आहेत. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या, घशाला कोरड पडलेल्या मुलाचा म्हणावा असा शब्द त्यांत नाही. ‘पठ्ठ्या’ आहे, पण पठ्ठ्या हा नेहमी कुणाचा तरी असतो, आणि स्पर्धेच्या गादीवर उभा राहिलेला नवखा मल्ल त्या क्षणापुरता कुणाचाच नसतो.

आम्ही साहित्याचे अध्यापक. कुस्तीतला आमचा अधिकार प्रेक्षकाचाच. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण नाशिकमध्ये शिकवताना आमच्या वर्गांत तालमीतली मुले नेहमीच असतात. सुजून घट्ट झालेल्या कानांवरून ती ओळखू येतात. पहाटे जोर-बैठका मारून आलेली ही मुले पहिल्या तासाला पेंगतात, आणि आम्हीही त्याकडे फारसे लक्ष देत नाही. यांतली काही मुले एका स्पर्धेनंतर कुस्ती कायमची सोडतात. ती दहाव्या स्पर्धेनंतर सोडत नाहीत. पहिल्या स्पर्धेनंतरच सोडतात. आमच्या मते याचे कारण मुलांच्या जिद्दीपेक्षा स्पर्धेच्या रचनेत अधिक आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याचेच पाहा. तीन वर्षे गावच्या तालमीत मातीत घुमलेला मुलगा. ढाक आणि घिस्सा ही त्याची हुकमी अस्त्रे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्याने वजनगटात बसायचे म्हणून आदल्या दिवशी पाणीसुद्धा जपून प्यायले. नाव पुकारले गेले. पण गादीवर पाऊल ठेवताच तो नावाचा उरला नाही, ‘निळा’ झाला. समोरचा ‘लाल’. पंचाच्या दोन मनगटांवर हेच दोन रंग, आणि गुण द्यायचे ते बोटे वर करून. मातीतल्या सवयीने आमचा निळा सावकाश हात मिळवू लागला, समोरच्याचे बळ जोखू लागला. तेवढ्यात त्याचा पट निघाला, दोन गुण गेले. सावरून उठेपर्यंत पुन्हा दोन. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपते, हा नियम त्याला ठाऊक होता; पण ठाऊक असणे आणि अंगात असणे यांत जे अंतर असते, ते त्याला दीड मिनिटात कळले. एवढ्या वेळात मातीवर अजून खडाखडीच चालली असती.

पुढची गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटली. हरल्यावर तो घरी गेला नाही, भिंतीशी बसून राहिला. गादीवरच्या कुस्तीत ‘रेपेचाज’ नावाची तरतूद आहे. ज्याने तुम्हांला हरवले तो अंतिम फेरीत पोहोचला, तर तुम्हांला कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. म्हणजे ज्याने आपल्याला आपटले, त्याच्याच विजयाची प्रार्थना करत बसायचे. त्या दुपारी आमचा विद्यार्थी प्रत्येक फेरीला त्या ‘लाल’साठी ओरडत होता. लाल उपान्त्य फेरीत हरला. एखाद्या कथाकाराने हा प्रसंग कल्पिला असता, तर आपण त्यावर रचलेपणाचा आरोप केला असता. असो.

आता याच्याशेजारी गावजत्रेतली कुस्ती ठेवून पाहू. निफाड-सिन्नरकडच्या जत्रांत दुपारी मैदान सुरू होते ते लहान पोरांच्या कुस्त्यांनी. इनाम काय, तर रेवड्या, नारळ, फार तर थोडे पैसे. जोड लावायची ती नजरेने. जाणती माणसे दोन पोरांना शेजारी उभे करतात, उंची, दंड, मान पाहतात, न जमल्यास एकाला बाजूला काढून दुसरा आणतात. पुकारणारा मुलाचे नाव, गाव आणि वस्ताद सांगतो. निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. हरलेल्या पोराच्या अंगावरची माती कुणीतरी झाडतो आणि तो मोठ्यांच्या कुस्त्या बघायला पुढच्या रांगेत जाऊन बसतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची जत्रा असतेच. इथे पराभव ही घटना नसते, तो त्या दुपारचा एक भाग असतो.

आम्ही जत्रेचे गोडवे गात आहोत असे कुणी समजू नये. जत्रेतल्या जोडीत मर्जी चालते, ओळखी चालतात, आणि मुलींना या मैदानांनी किती काळ बाहेर ठेवले हे सर्वांना ठाऊक आहे. (महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती २०२३ साली, सांगलीत. पुरुषांची १९६१ पासून होत आली आहे.) लिखित नियम, वजनगट आणि परगावचे पंच हा न्यायच आहे. पण न्याय्य स्पर्धा नवख्याला सोयीची असतेच असे नाही. तिथे बलाबल वजनकाट्यावर ठरते, आणि काटा अनुभव मोजत नाही. त्यामुळे पहिल्यांदा उतरलेला आणि राष्ट्रीय पातळीवर खेळून आलेला, दोघेही एकाच चिठ्ठीवर समोरासमोर येतात. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मराठीचे जुने नमुने शोधताना वर्गात आपण ज्या ग्रंथाचे नाव घेतो, तोच हा ग्रंथ. त्यात चालुक्य राजा सोमेश्वर मल्लांचे वर्ग पाडतो ते वय, देह आणि बळ या तिन्हींवरून. आम्ही त्यांतले फक्त देहाचे वजन आणि जन्मतारीख तेवढी ठेवली.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, पण चुकीच्या टोकाने. १९५२ च्या हेलसिंकीतले कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे आपण सांगतो. १९४८ चे लंडन सांगताना ‘सहावा क्रमांक’ एवढेच म्हणून पुढे जातो. वास्तविक लंडनमधले खाशाबा हे आमच्या विद्यार्थ्यासारखेच होते. मातीत तयार झालेला, गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्हींना नवखा असलेला गोळेश्वरचा मल्ल. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले. आणि त्या काळच्या पद्धतीतले एक कलम आमच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे: तेव्हा केवळ एक कुस्ती हरल्याने मल्ल बाद होत नसे. पराभवाचे दोषगुण साठत, गुणांवरच्या विजयाचाही एक दोषगुण पडे, आणि एकूण पाच झाले की मल्ल बाहेर. हेलसिंकीत अखेरच्या तिघांत पोहोचल्यावर खाशाबा जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत मल्ल ममेदबेकोव्हकडून, म्हणजे दोन्ही कुस्त्या हरले. ज्या पदकाचा आपण अभिमान बाळगतो, ते दोन पराभवांसह मिळालेले आहे.

जानेवारी २०२० मध्ये भगूरच्या तालमीत घडलेल्या हर्षवर्धन सदगीरने बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, नाशिकला ती पहिल्यांदा मिळवून दिली, आणि हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दोघेही काका पवारांचे शिष्य. ते छायाचित्र सर्वांनी पाहिले, आणि त्यावर खिलाडूवृत्तीचे निबंधही आम्ही वर्गात लिहून घेतले. पण खांद्यावर बसायला मिळाले ते अंतिम फेरीत हरलेल्याला. पहिल्या फेरीत हरलेल्याकडे त्या संध्याकाळी कुणी काय म्हणून पाहिले असेल?

नवख्यांची पहिली स्पर्धा बाद पद्धतीने घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. यासाठी नवा नियम शोधण्याचीही गरज नाही. एका वजनगटात सहापेक्षा कमी मल्ल असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी लढायचे, ही साखळी पद्धत आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या मल्लांचे चार-चार, पाच-पाचांचे गट करावेत, जोडी लावताना वजनाबरोबर किती वर्षांची मेहनत आहे हेही विचारावे, आणि प्रत्येकाला एका दिवसात निदान तीन कुस्त्या मिळू द्याव्यात. सहा मिनिटांची कुस्ती, गादी दिवसभरासाठी घातलेलीच असते, आणि पंचही संध्याकाळपर्यंत बसलेले असतात.