पोलादाचा भाव आणि शेतकऱ्याचे औजार

पोलादाचा भाव वाढला म्हणजे त्याची झळ प्रथम कारखानदारास व इमारती बांधणाऱ्यास लागते, असा सर्वसाधारण समज आहे. शेतकरी हाही पोलादाचा नित्याचा ग्राहक आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. शिरूर व दौंड तालुक्यांच्या पट्ट्यातील निमोण्यासारख्या गावी नांगराचा फाळ, कुळवाची फास, पाभरीचे फण, कोळपे, खुरपे, विळा, पहार यांपैकी एकही वस्तू लोखंडावाचून होत नाही. त्यांत आता ट्रॅक्टरचे पलटी नांगर, रोटाव्हेटर व पेरणीयंत्रे यांची भर पडली आहे. म्हणून पोलादाच्या भावाचा विचार शेतकऱ्याने स्वतःच्या हिताच्या दृष्टीने करणे अगत्याचे झाले आहे.

हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा लोकांचा ग्रह होता, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे हा ग्रह दूर झाला व नांगरास मागणी आली. परंतु १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कच्चे लोखंडच मिळेनासे झाले. त्या अडचणीच्या प्रसंगी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांच्या कारखान्यासाठी देऊ केल्या. जगाच्या एका टोकाला युद्ध पेटले की दुसऱ्या टोकाच्या शेतातील नांगर अडतो, हे त्या वेळीच दिसून आले होते.

अलीकडील अनुभवही याच जातीचा आहे. पोलाद गाळण्यासाठी लागणारा उच्च प्रतीचा कोळसा आपल्या देशास बहुतांशी परदेशांतून आणावा लागतो. २०२२ च्या आरंभी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, कोळसा कडाडला आणि दोन वर्षांपूर्वी टनामागे सुमारे ४० हजार रुपयांना मिळणारे पोलादी पत्रे ७५ हजारांच्या आसपास जाऊन पोहोचले. तेव्हा केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये पोलादाच्या बहुतेक निर्यातीवर १५ टक्के कर बसविला व भाव उतरल्यावर नोव्हेंबरमध्ये तो उठविला. उलटपक्षी, स्वस्त आयातीपासून देशी कारखान्यांचे रक्षण व्हावे म्हणून एप्रिल २०२५ मध्ये काही प्रकारच्या पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के आयात कर लावण्यात आला. देशाचे पोलाद कारखाने टिकले पाहिजेत याविषयी दुमत नाही. परंतु अशा प्रत्येक निर्णयाचा शेवटचा धागा औजाराच्या किमतीस येऊन जोडला जातो, याचे विस्मरण होऊ नये.

पूर्वीच्या बलुतेदारीत लोखंड शेतकऱ्याचे व मेहनत लोहाराची, अशी सामान्यतः वाटणी असे. त्यामुळे फाळात लोखंड किती गेले व ते काय भावाने पडले, हे शेतकऱ्यास नेमके ठाऊक असे. आज तयार औजार रंग देऊन दुकानात उभे असते, आणि त्यातील धातूची किंमत रंगाखाली झाकली जाते. ‘पोलाद महागले’ एवढे कारण सांगितले की ग्राहक निरुत्तर होतो. वस्तुतः हा हिशेब अवघड नाही. समजा, एखाद्या औजाराचे वजन २५० किलो आहे आणि पोलादाचा भाव टनामागे १० हजार रुपयांनी, म्हणजे किलोमागे १० रुपयांनी वाढला. तर धातूचा वाढीव खर्च अडीच हजार रुपये होतो. कातरकामात वाया जाणारे पोलाद व त्यावरील खर्च धरून तो तीन हजार मानावा. किंमत याहून पुष्कळ अधिक वाढली असेल, तर उरलेली वाढ कशाची, हे विक्रेत्यास विचारण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. तसेच पोलाद उतरल्यावर औजाराची किंमत का उतरली नाही, हेही विचारले पाहिजे.

याहून घातक अशी एक गोष्ट आहे. महागाईच्या काळात किंमत तीच ठेवून पत्र्याची जाडी कमी करण्याचा मोह काही उत्पादकांना होतो. असे औजार मुरमाड जमिनीत पहिल्याच हंगामात वाकते आणि ऐन पेरणीत काम अडते. वापसा गेला की तो परत येत नाही. म्हणून औजार घेताना किमतीबरोबर वजन विचारावे, पात्यांचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे ते पाहावे व औजाराची अधिकृत चाचणी झाल्याची खात्री करून घ्यावी.

आता शासकीय धोरणाविषयी दोन शब्द. यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारकास औजाराच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. परंतु त्यास रकमेची कमाल मर्यादा असते. समजा, ५० हजारांच्या औजारास मर्यादा २५ हजारांची आहे. औजार ५६ हजारांचे झाले, तर किंमत १२ टक्के वाढली. पण अनुदान तेवढेच राहिल्याने शेतकऱ्याचा भार २५ हजारांवरून ३१ हजारांवर, म्हणजे २४ टक्क्यांनी वाढला. म्हणून ही मर्यादा दरवर्षी पोलादाच्या भावाशी ताडून पाहिली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व शेतीयंत्रे यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. कुदळ, फावडे, विळा अशा हातऔजारांवर तर तो मुळीच नाही. मात्र पोलादावर १८ टक्के कर आहे. यंत्राचा कारखानदार हा कर आपल्या हिशेबात वळता करून घेऊ शकतो. करमुक्त वस्तू घडविणाऱ्यास ती सोय नाही. परिणामी नावाने करमुक्त असलेल्या खुरप्याच्या किमतीत पोलादावरील कर गुपचूप सामावतो. एका खुरप्यामागे ही रक्कम किरकोळ दिसेल. परंतु हातऔजारे झिजतात व पुनःपुन्हा घ्यावी लागतात, आणि ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याची सारी मदार त्यांच्यावरच असते. या करातून सुटका देण्याची वाट शासनाने शोधावी.

शासनाने हे करीपर्यंत स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. वर्षातून मोजके दिवस लागणारे यंत्र प्रत्येकाने स्वतंत्र घेणे म्हणजे दारात पोलाद गंजत ठेवणे होय. चारसहा शेतकऱ्यांनी गट करून किंवा गावच्या सोसायटीमार्फत औजारांची बँक उभारावी, पाळ्या अगोदर ठरवाव्यात व दुरुस्तीसाठी भाड्यातून काही रक्कम बाजूस काढावी. हंगाम संपताच औजारे धुऊन, तेल लावून सावलीत ठेवावीत. झिजलेला फाळ गावच्या लोहाराकडून वेळीच शेवटून, पाणी देऊन घ्यावा. त्याची भट्टी पेटती राहणे गावाच्याच हिताचे आहे.

पोलादाचा भाव ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु घेतलेल्या पोलादाचे वजन जाणणे, त्याचे मोल करणे आणि ते अधिक वर्षे कामास लावणे हे सर्वस्वी त्याच्या हाती आहे. येत्या हंगामापूर्वी गावोगावच्या शेतकरी बांधवांनी एकत्र बसून आपापल्या औजारांचा हिशेब मांडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.