प्रेशर उतरले म्हणून गोळी सोडू नका

दवाखान्यातून परतलेल्या माणसाला आम्ही विचारतो, "प्रेशर किती निघाले?" उत्तर बहुधा एकच येते, "नॉर्मल आले, आता गोळी बंद केली." वाचक बंधू-भगिनींनो, आम्हाला धास्ती वाटते ती याच उत्तराची. प्रेशर नॉर्मल आले ते गोळीमुळे आले. गोळी हा आजार मुळातून काढीत नाही, आटोक्यात ठेवते. ती सोडली की काही दिवसांत प्रेशर पुन्हा चढते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. डोके दुखेल, चक्कर येईल, मग बघू, असे म्हणत बसू नये. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि तिकडे हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या नसा झिजत असतात.

वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते वाढलेले प्रेशर समजावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको.

गोळी सोडण्यामागे दुसरे कारण त्रासाचे असते. अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. हे डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलून देतात. तिसरे कारण पैशाचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रेशर आटोक्यात ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. महिन्याची गोळी एकदम द्यावी, हा त्याचा भागच आहे; तेव्हा रोजंदारी बुडवून दर आठवड्याला खेटे घालण्याची पाळी येऊ नये. येत असेल तर तिथे विचारावे, लाजू नये.

पाळी बदलणाऱ्या कामगारांनी दिवसरात्रीत सोसेल अशी एकच वेळ धरावी. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. अंगदुखीसाठी मनानेच घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन प्रेशर वाढवते, हेही ध्यानात ठेवावे.

आता मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सगळे धरून. सैंधवाने प्रेशर वाढत नाही ही समजूत खोटी, तेही मीठच. पापड-लोणचे सुटते, पण सुकट-बोंबील सोडा म्हटले तर आमच्या घरातच कुणी ऐकणार नाही. करायचेच असतील तर दोन-तीन पाण्यांनी धुवावेत, कालवणात वरून मीठ टाकू नये, आणि ताटात मिठाची चिमूट वाढण्याची रीत बंद करावी.