सिनेमातला पाऊस आणि रस्त्यावरचा पाऊस

जून लागला की पावसाची गाणी सुरू होतात. नायक मोटारसायकलवर, नायिका मागे, ओढणी वाऱ्यावर, दोघंही चिंब आणि हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नाही. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'मध्ये मधुबालाची गाडी रात्री भर पावसात बंद पडते आणि ती किशोरकुमारच्या गॅरेजमध्ये येऊन पोचते. आपल्याला अशा रात्री बहुधा पाण्याने भरलेला खड्डाच भेटतो.

सिनेमावर माझा राग नाही. तिथला पाऊस पाइपने पाडलेला असतो आणि रस्ता आधीच मोकळा केलेला असतो. माझा आक्षेप आहे तो आपल्या दोन वाक्यांवर: "कोपऱ्यापर्यंत जायला हेल्मेट कशाला?" आणि "जरा छत्री उघड, मी हळू चालवतो."

छत्रीबद्दल आधी बोलू. दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या व्यक्तीचा आधार मुळातच कमी असतो. एक हात छत्रीत गुंतला की तो आणखी कमी होतो. छत्रीत वारा भरला की ती मागे खेचते आणि बसलेली व्यक्ती डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटते. वेग फार असावा लागतो असंही नाही. अनेकदा चालवणाऱ्याला काही क्षण पत्ताही लागत नाही. चालत्या दुचाकीवर छत्री उघडणं हे दारू पिऊन गाडी चालवण्याइतकंच गैर मानलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, ते उगाच नाही. साडीचा पदर, ओढणी आणि रेनकोटची लोंबती टोकं चाकात अडकतात, तीही आवरून बसा.

आता वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांना अडथळा दिसून मेंदूने ठरवून पाय ब्रेकवर दाबायला एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ओल्या रस्त्यावर थांबायला कोरड्यापेक्षा साधारण दुप्पट अंतर लागू शकतं. पहिल्या सरी तर जास्तच फसव्या असतात. रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून घसरण तयार होते. पाणी साचलं असेल तर खोली न कळता गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीही छोटी कार उचलू शकतं.

हा एक-दीड सेकंद औषधांमुळे वाढतो, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. पावसाळ्यात सर्दी होते आणि आपण दुकानातून गोळी आणतो. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं. त्याने झोप येते आणि झोप जाणवली नाही तरी प्रतिक्रिया मंदावते. गोळी घेण्याआधी "ही घेऊन गाडी चालवू का?" एवढं डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदू असेल तर रात्री ओल्या काचेवर समोरच्या दिव्यांचा झगमगाट जास्त त्रास देतो. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर ब्रेकवरचा दाब नीट कळत नाही. अशांनी पावसात रात्री गाडी चालवू नये.

पडल्यावर माणूस उठतो, कपडे झटकतो आणि "काही नाही झालं" म्हणतो. कवटीच्या आत रक्तस्राव मात्र हळूहळू साचू शकतो, म्हणून पुढचे २४ तास कुणीतरी सोबत राहावं. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जास्त झोप येणं, असंबद्ध बोलणं, झटके, हातापायात कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लक्षणांची वाट पाहू नका. ज्येष्ठांमध्ये तर हा त्रास काही आठवड्यांनीही दिसू शकतो.

दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. जखमीची मान वळवू नका, त्याला पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे घाबरून पुढे निघून जाऊ नका.

शेवटी एक गोष्ट मालकांसाठी, साहेबांसाठी आणि शाळांसाठी. लेट मार्कच्या भीतीने माणसं भर पावसात गाडी दामटतात. मुसळधार पावसाच्या दिवशी अर्ध्या तासाची सवलत द्यायला काही खर्च येत नाही. आणि तुम्हाला सवलत मिळो न मिळो, सर ओसरेपर्यंत दुकानाच्या छपराखाली थांबा आणि घरी फोन करून सांगा, "उशीर होईल, काळजी करू नका."